पांढऱ्या रेघेवर

गाडी शिकवणाऱ्या बाईंना सगळे गाडीबाईच म्हणत. त्यांच्या हाताखालून गेलेला माणूस गाडी मागे घेताना मान वळवून बघणारच, अशी त्यांची ख्याती. कुणी चुकलं की म्हणायच्या, "आरसा काय भांग पाडायला बसवलाय?" पण अंधारातला धडा आला की बाईंचा आवाज खाली यायचा आणि एक वाक्य त्या गिळून टाकायच्या.

पूर्वी तेच त्यांचं लाडकं वाक्य होतं. समोरून दिवे डोळ्यांवर आले की त्यांच्याकडे बघू नका, डावीकडची पांढरी रेघ धरा. नवऱ्यालाही त्यांनी हेच शिकवलेलं. तो बेकरीची गाडी चालवायचा. दिवे आले की मुद्दाम ओरडायचा, "धरली हो रेघ, बाईसाहेब!" एका संध्याकाळी समोरच्या झोतात त्याचे डोळे दिपले. त्याने रेघ धरली. रेघेवरच एक बंद पडलेला ट्रेलर उभा होता, मागे एक दिवा नाही.

त्या संध्याकाळी नवऱ्याच्या गाडीमागून येत असलेला एक भला माणूस नंतर बाईंना भेटायला आला. म्हणाला, "काय सरळ हात हो! शेवटपर्यंत ना रेघ सोडली, ना वेग." तो बिचारा सांत्वन करून गेला, बाईंच्या काळजात ते कुसळासारखं रुतून राहिलं.

तेव्हापासून झोत सरला की काळोखात रेघेवर त्यांना पाठ दिसे. कधी ट्रेलरची, कधी माणसाची. देवाचं नाव घेतलं तरी हलत नसे.

लेक नर्स. सोमवारपासून तिची रात्रपाळी सुरू होणार, आणि त्या वेळी बस नाही. गाडीनेच जायचं, तेही एकटीने. दिवसा ती झकास चालवी, अंधारात कधीच नाही. म्हणून दिवेलागणीनंतर दोघी शिकवणीची गाडी घेऊन निघाल्या. त्या गाडीत बाईंच्या पायाशीही एक ब्रेक होता.

पहिली गाडी समोर आली. उजेडाचा पांढराधोप लोट. लेक गोंधळली, आणि बाईंनी ब्रेक दाबला.

"आई, पाय काढ ना! गाडी कोण चालवतंय?"

"तूच."

"मग सोमवारी तुझा पाय डब्यात भरून नेऊ का?"

बाईंना हसू आलं नाही. दुसरी गाडी आली, पुन्हा ब्रेक. लेकीने गाडी कडेला लावली. ती पुरती थांबायच्या आत बाईंनी चारही दिवे लुकलुकते केले.

"जगाला शिकवतेस," लेक रडवेली झाली, "आणि मलाच सांगत नाहीस. दिवे आले की मला काहीच दिसत नाही गं."

बाईंनी मुठी वळल्या. मग म्हणाल्या, "डावीकडची रेघ धर. आणि वेग उतरव. रेघेवर कुणीतरी उभं आहे, असं समजूनच जा."

"कोण असणार उभं?"

"तुझे बाबा."

लेकीने गाडी सुरू केली.

समोरून दिवे आले. गाडीत इतका उजेड भरला की बाईंना स्वतःच्या बोटांच्या रेषा दिसल्या. त्यांनी दोन्ही पाय सीटखाली ओढून घेतले. गाडीचा वेग उतरत गेला. झोत सरला, काळोख परतला, आणि रेघेवर तो उभा होता, पाठमोरा. गाडी इतक्या हळू त्याच्याजवळून गेली की त्याने दार उघडून मागे बसावं.

"धरली हो रेघ," लेक पुटपुटली.

साऱ्या जगाला मान वळवायला शिकवणाऱ्या बाईंनी मागच्या सीटकडे वळून पाहिलं नाही.