ट्रेनरबाईंचा जिना

ऑक्टोबर २०१४, शनिवार सकाळ, नेदरलँड्समधलं नायमेखन. हजर: मी, इराचे बाबा, बारा वर्षांची आमची इरा, तिच्या फुटबॉल संघातल्या मुली आणि ट्रेनरबाई. गैरहजर: ऊन.

जगात विश्वास ठेवावा असं काहीही नाही, हे पक्कं ठाऊक असूनही मजेत जगणारी माझ्या ओळखीतली एकमेव व्यक्ती म्हणजे या ट्रेनरबाई. नॉर्वेच्या राष्ट्रीय संघात त्या कित्येक वर्षं बचाव फळीत खेळल्या, आणि निवृत्तीनंतरही त्यांनी ती फळी सोडली नाही. हवामानाचा अंदाज, रेफरीचं घड्याळ, कँटीनमधलं दूध, कशावरच त्यांचा भरवसा नसे. चेंडूत हवा भरली आहे असं मी सांगितलं, तर त्या आधी चेंडू दाबून पाहत आणि मग माझ्याकडे पाहत. गाड्यांच्या आणि संघाचे कपडे धुण्याच्या पाळ्या मी लावायचे. बाई तो तक्ता दर आठवड्याला तपासत, आणि चूक सापडली नाही की जास्तच अस्वस्थ होत.

मलाही सुरुवातीला त्यांचाच संशय होता. घरात एक चषक नाही की फोटो नाही. विचारलं तर तुटक उत्तरं. गावात मुलींचा संघ नव्हता, म्हणून टोपीत केस कोंबून मुलांत खेळले. पुढे सकाळी टपाल वाटायचं, संध्याकाळी सराव. देशासाठी खेळायला बिनपगारी रजा. मग खेळणं का सोडलं, असं विचारलं की बाईंना नेमकी तेव्हाच गोलची जाळी तपासायची असे.

बाईंचा सगळ्यात जास्त संशय मुलींच्या गुडघ्यांवर. सामन्याआधी प्रत्येक मुलीने क्लबच्या माडीवरून एकटीने जिना उतरायचा, आणि बाई खाली उभ्या राहून तिचे पाय बघणार. "तोंड खोटं बोलतं," त्या म्हणत. आम्ही पालक याला विमानतळाची तपासणी म्हणायचो.

त्या शनिवारी सामना आर्नहेमच्या संघाशी होता. वरच्या गटात जायचं तर जिंकायलाच हवं होतं, आणि आमच्यात गोल मारायची सवय एकट्या इराला. ती जिना उतरली. बाई म्हणाल्या, "तू आज बाकावर."

"दुखत नाहीये," इरा डचमध्ये म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "आई, टेल हर."

"मी विचारलंच नव्हतं," बाई म्हणाल्या.

"हिचा आधीपासून इरावर दात आहे," मी मराठीत म्हटलं.

"हळू बोल गं," इराचे बाबा म्हणाले. "भाषा कळली नाही तरी तुझा सूर कळतो."

सूर कळला असावा. सामना सुरू झाल्यावर बाई माझ्या शेजारी येऊन, मैदानावरची नजर न हलवता बोलल्या. एका मोठ्या स्पर्धेआधी संघाच्या डॉक्टरांनी त्यांना गुडघ्याबद्दल विचारलं होतं. "मीही दुखत नाही म्हटलं. फार छान म्हटलं. त्यांनी विश्वास ठेवला." पहिल्याच सामन्यात गुडघा गेला. देशाचा शर्ट पुन्हा अंगावर चढला नाही.

आम्ही हरलो. सोमवारी आमच्या फॅमिली डॉक्टरांनी इराचा गुडघा दाबला, तेव्हा ती ओरडली. "बरं झालं खेळली नाही," ते म्हणाले, आणि सक्तीची विश्रांती दिली. वसंतात ती पुन्हा धावू लागली.

त्याला आता पाच वर्षं झाली. इरा मोठ्या मुलींच्या संघात खेळते. परवा क्लबात बाई माडीवरून उतरत होत्या, कठडा घट्ट धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत. मी खाली उभी होते आणि सवयीने पायांकडे पाहत होते.

"दुखत नाही," त्या म्हणाल्या.

मी विचारलंच नव्हतं.

त्या दिवसापासून 'ट्रेनरबाईंना डॉक्टरकडे नेणे' हे माझ्या कामांच्या यादीत सगळ्यात वर आहे. खालच्या कामांवर रोज रेघा पडतात. बाईंचा डॉक्टरांवरही विश्वास नाही.