वांग्याच्या भाजीतून पाठवलेला संदेश

खरं तर ही सांगण्यासारखी गोष्ट नाही. पण चहा ओतलाच आहे तुम्ही, तर ऐका. शिकलासवरला माणूस किती मूर्खपणा करू शकतो, ते तरी कळेल!

साधा मंगळवार होता. किल्लारीच्या आमच्या शाळेत मधली सुट्टी झालेली, मी पेपर चाळत होतो. आतल्या पानावर बातमी: सूर्यमालेच्या पार गेलेलं व्हॉयेजर यान बिघडलं. सेहेचाळीस वर्षं चालतंय बिचारं! संदेश अजून पाठवतंय, पण काहीही विचारा, तेच ते निरर्थक उत्तर परत परत.

ती बातमी मी तीनदा वाचली. का, ते सांगतो.

माझी मुलगी शिवानी मेडिकलच्या क्लाससाठी लातूरला. होस्टेलवाले मोबाइल काढून घेतात. म्हणून निरोपही डब्यातूनच; इथले सगळे आईबाप करतात तेच मी करायचो. सकाळच्या जीपमध्ये डबा ठेवायचा. जीपवाला तो लातुरात एका चहाच्या टपरीवर देणार, शिवानी तिथून घेणार. संध्याकाळी रिकामा डबा परत, आत चिठ्ठी: "छान होतं पप्पा."

रोज हेच! तिची आई जाऊन आठ महिने झाले होते. तेव्हापासून स्वयंपाक माझा. माझा स्वयंपाक, आणि रोज छान?

शेजारी बसलेल्या स्वामी सरांना बोललो, तर ते वैतागले. "सर, तिकडं यंत्र बिघडलंय, पोरगी न्हाई! कशाला डोस्कं पिकवायलात?"

"मग रोज एकच उत्तर कसं?"

"छान असंल म्हणून छान म्हणती!"

"तुम्ही खाल्लीय ना माझी भाजी?"

स्वामी सर एकदम वह्या तपासायला लागले. खाल्ली होती त्यांनी.

आता बघा, भूकंपानंतर वसलेलं आमचं गाव. आम्ही शांत जमिनीवर भरवसा ठेवत नाही, मुलीच्या 'छान'वर कसा ठेवणार? ती जेवत तरी होती का? मी विज्ञानाचा मास्तर. ठरवलं, वेगळा संदेश पाठवायचा आणि उत्तर बदलतं का बघायचं. यानाचं उत्तर यायला पंचेचाळीस तास, आमचं बारा तासांत!

बुधवारी वांग्याच्या भाजीत दुप्पट मीठ घातलं. चिठ्ठी: "छान होतं पप्पा."

गुरुवारी मीठच नाही. "छान होतं पप्पा."

शुक्रवारी पाच चमचे तिखट. "छान होतं पप्पा. पोटभर जेवले."

पोटभर? हे कुठून आलं? नक्की डबा दुसराच कुणी घेत असणार, चिठ्ठ्याही तोच लिहीत असणार! मी तिची दहावीची वही काढली आणि भिंग घेऊन अक्षर ताडून पाहिलं. हो, भिंग! हसा, हसा.

शनिवारी डब्यात पुन्हा पाच चमचे तिखट घातलं, रजा टाकली आणि डब्यासोबत मीही जीपमध्ये बसलो. लातुरात टपरीसमोर पेपर तोंडासमोर धरून उभा राहिलो. थोड्या वेळानं शिवानी आली. एकटीच. टपरीमागच्या बाकड्यावर बसून तिनं डबा उघडला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, पण बाई जेवतेय! शेवटच्या भाकरीच्या तुकड्यानं डबा पुसून घेतला, आणि चिठ्ठी लिहायला कागद काढला.

मला राहवलं नाही.

"पप्पा! तुम्ही हितं?"

"शिक्षण खात्यात काम होतं." शनिवारी, ऑफिस बंद असताना! "तिखट झालंय का गं?"

"थोडं."

"मग लिहायचं ना तसं!"

"लिहिलं असतं तर तुम्ही मेस लावली असती. मला मेसचं नको. हाच पाठवा."

मी विचारलं, "आणि बुधवारी? मीठ?"

तिनं बराच विचार केला. "बुधवारी काय वेगळं होतं? रोजच्यासारखीच होती की!"

पुढं चारेक महिन्यांनी ते यान नीट बोलायला लागलं. ती बातमी मी कापून तिच्या डब्यात पाठवली. त्या आठवड्यात मी तिच्यावर पाळत ठेवली होती, हे सांगायचं मात्र अजून राहिलंय.