उजेडासमोरची खुर्ची

कारखान्यात तिला सगळे तोफ म्हणायचे, आणि तोंडावर म्हणायचे. पाठीमागे म्हटलेलं तिच्या कानावर गेलं तर जास्त महागात पडायचं. काचेच्या बाटल्यांचा कारखाना तो. रात्रपाळीला तोफ पांढऱ्याफटक दिव्यासमोर बसायची, पट्ट्यावरून सरकत येणाऱ्या बाटल्यांत तडा शोधायची आणि सापडला की बाटली पिंपात आपटून फोडायची. उभी हयात त्यात गेली. नवऱ्याने तिच्यावर एकदाच हात उचलला होता. त्याचं नाक अजून वाकडं आहे.

अशा बाईच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, इंजेक्शनं सुरू झाली, केस गेले, खुर्ची सुटली. हे माझ्याच वाट्याला का, असं तिने डॉक्टरीणबाईंना दरडावूनच विचारलं. बाई जपून बोलल्या. अंधारात आपलं शरीर मेलाटोनिन नावाचं द्रव्य तयार करतं, रात्रभर डोळ्यांवर उजेड असला की ते कमी होतं. वर्षानुवर्षं रात्रपाळी केली तर कॅन्सरचा धोका वाढत असावा असा संशय आहे. पण तुमचं त्यानेच झालं असं कोणी ठामपणे सांगू शकणार नाही.

तोफेला तेवढं पुरे होतं, तिच्या लेखी गुन्हेगार तो दिवाच. धाकट्या दिराला मात्र भलताच साक्षात्कार झाला. मेलाटोनिनच्या गोळ्यांची डबी आणून तो म्हणाला, वहिनी, ह्या घ्या आणि दवाखान्याला रामराम ठोका. तिने बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, या गोळीवर संशोधन चालू आहे, काहींना झोपेला बरी पडते, पण इंजेक्शनाच्या जागी घ्यायची नाही. घरी येऊन तोफेने ती डबी दिराच्या कपाळावर अशी हाणली की टाके घालावे लागले.

मुलगी तेवढी त्या उजेडापासून लांब आहे, एवढाच तिला आधार होता. पोरगी मावशीकडे राहून दुकानात काम करते, असं तिला सांगितलं होतं. एका रात्री जेवता जेवता नवऱ्याच्या तोंडून खरं निसटलं. तोफेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताट भिंतीवर आदळलं, नवरा मोरीत लपला आणि ती तडक कारखान्यात गेली.

तिच्याच खुर्चीवर तिची मुलगी बसली होती. डोळे लाल, तोंड उतरलेलं. तोफेने हाताला लागलेला लोखंडी दांडा दिव्यावर घातला. काचा उडाल्या. मुकादम आडवा आला, त्याच्या मनगटावर दुसरा घाव बसला आणि तो कळवळत खाली बसला. मग तिने मुलीची वेणी धरून तिला ओढलं आणि थोबाडीत मारली. एक नाही, चार. ओठ फुटला. पोरीने हात वर केला नाही.

"आपल्या घरातलं कोणी कामावर असलं तरच कारखाना तुझी इंजेक्शनं देतो," ती रक्त पुसत म्हणाली. "दिवसपाळी मागितली, नाही मिळाली. तू म्हणशील मरू दे मला, पण मी तुला मरू देणार नाही."

तोफेच्या हातातला दांडा गळून पडला. कोणीतरी दुसरा दिवा जोडला, मुलगी खाली मान घालून बसली आणि पट्टा सुरू झाला.

"मावशीकडे जाऊ नकोस," तोफ कशीबशी म्हणाली. "सकाळी घरी झोपायला ये."

घरी येऊन तिने जाड सतरंजी खिडकीवर धरली आणि हातोडीने खिळे ठोकायला घेतले. अंगठा चेचला, सतरंजीला रक्त लागलं, तरी ठोकत राहिली. शेजारी भांडायला दारात आला.

"माझी पोर दिवसा इथे झोपणार आहे," ती हातोडी उगारून म्हणाली. "आत उजेड आला तर एकेकाचं डोकं फोडीन."

तो मागे फिरला. तोफेने उरलेली फटही बुजवली, दिवा मालवला आणि काहीच दिसेना झाल्यावर ती जमिनीवर बसून हमसून हमसून रडली.