दोघींत एक विश्वास

पिलसुनला कोणी काही विचारलं, तर ती आधी कामाला लागे आणि मग उत्तर देई. शेजारच्या मालजाला पक्षाघात झाला, डावं अंग लुळं पडलं, तेव्हाही तिने फार विचार केला नाही. पहाटेच्या प्रार्थनेला जाताना ती मालजाच्या अंगणात शिरली, पाठ करून उकिडवी बसली आणि म्हणाली, "ताई, बसा."

मालजा वयाने मोठी, जिभेने त्याहून तिखट. तिचा येशूवर विश्वास नव्हता. तिच्या घरी पूर्वजांच्या तिथीला भात-मासळीचं पान मांडलं जाई. पण दिवसभर भिंतीकडे बघून ती विटली होती. ती बसली. तान्ह्या पोराला बांधतात तसं पिलसुनने तिला जाड दुलईत गुंडाळून पाठीशी घट्ट बांधलं. चर्च टेकडीवर. पिलसुनला धाप लागली की पाठीवरून आवाज येई, "तुझ्या देवाला खाली घर बांधायला काय झालं होतं गं?" पिलसुन हसे आणि चढता चढता तिला बायबलातल्या गोष्टी सांगे.

असे दोन हिवाळे गेले. समुद्रातलं खायचं शेवाळ वाळवायच्या दिवसांत पिलसुनच्या बोटांना भेगा पडत, पण तिचा नेम चुकला नाही. मालजा एक दिवस आपल्या पायांनी ती टेकडी उतरणार, याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

मग गावात विशेष सभा भरल्या. मोठ्या शहरातून उपदेशक आले. त्यांच्या प्रार्थनेने आजारी उठतात, अशी त्यांची ख्याती. दर चार वाक्यांनंतर ते विचारत, "विश्वास आहे ना?" आणि सगळं चर्च "आमेन" म्हणून दुमदुमे. शेवटच्या दिवशी त्यांनी आजाऱ्यांना पुढे बोलावलं. पिलसुन मालजाला पाठीवर घेऊन उभी राहिली. त्यांनी मालजाच्या डोक्यावर हात ठेवून तोच प्रश्न विचारला.

मालजा गप्प. तिला खोटं बोलता येत नसे, हे पिलसुनला ठाऊक होतं. शांतता लांबत चालली तशी पिलसुनने मान खाली घालून स्वतःच "आमेन" म्हटलं. एकाच दुलईत दोघी; आवाज कोणाचा, ते कोणाला कळणार?

"ऊठ," उपदेशक म्हणाले. पिलसुनने गाठ सोडली. मालजा क्षणभर तिच्या खांद्याला लोंबकळली आणि मग जमिनीवर बसली. विश्वास कमी पडला, असं उपदेशक हळुवारपणे म्हणाले आणि पुढच्या आजाऱ्याकडे वळले.

दुसऱ्या दिवसापासून पिलसुन मालजाच्या अंगणात फिरकेना. मागच्या बोळाने एकटीच चर्चला जाई, पण तोंडातून प्रार्थना फुटत नसे. मालजाच्या बरं होण्याचं दार उघडत होतं आणि आपणच ते खोट्याने लोटलं, हे तिच्या मनाने घेतलं होतं. शेवटी मालजाने सुनेकरवी निरोप धाडला : तुझी पाठ मोडली, की देवाने घर बदललं?

पिलसुन शेवाळाच्या सुपाचा वाडगा घेऊन गेली. ओसरीवर बसून तिने सगळं सांगून टाकलं.

"तुमच्या नावाने देवाच्या घरात खोटं बोलले, ताई. म्हणून तुमचे पाय..."

मालजा उजव्या हाताने सूप पीत राहिली. मग म्हणाली, "छप्पर उचकटून ज्या लुळ्या माणसाला येशूपुढे खाली सोडलं, त्याची गोष्ट तूच सांगितलीस ना?"

"हो."

"त्याला विचारलं का कोणी, तुझा विश्वास आहे का म्हणून?"

पिलसुनने आठवून पाहिलं. चौघांनी त्याला बाजेसकट आणलं, गर्दीपुढे हार मानली नाही, घरमालकाचं छप्पर उचकटलं. येशूने त्या लोकांचा विश्वास पाहिला. बाजेवरचा माणूस काही बोलल्याचं तिला आठवेना.

"नाही विचारलं," ती म्हणाली.

"मग? माझा नाही, हे मी कधी लपवलं नाही. तुझा आहे. दोघींत एक पुरतो की नाही, ते त्याचं तो बघेल. तू का मध्ये हिशेब करतेस?"

"पण तो माणूस चालत घरी गेला, ताई."

मालजाने उरलेलं सूप संपवून वाडगा खाली ठेवला.

"त्याला आणणारे चौघे होते," ती म्हणाली. "तू एकटी. वेळ लागणारच."

पिलसुनला हसू आणि रडू एकदमच आलं. डोळे पुसून ती उठली, मालजापुढे पाठ करून बसली. आता कुठे, भर दुपारी, असं मालजाने विचारलं. देवाला खरं काय ते सांगून यायचंय, असं म्हणत पिलसुनने दुलईची गाठ मारली.

एक वाट सरळ टेकडीवर आणि दुसरी समुद्रकाठाने वळसा घेत जाते, तिथे मालजाने चांगल्या हाताने तिचा खांदा थोपटला.

"समुद्राकडून चल. लांब पडलं तर पडू दे."