‘आज हरलो’चं पोस्टर

मंडळी, मी अंधेरीच्या ऑफिसात बसून अमेरिकेतल्या एका बेसबॉल टीमची निकालाची पोस्टर्स बनवते. तिकडची रात्रीची मॅच इथे सकाळी संपते.

टीम यंदा इतकी हरलीय की मी ‘आज हरलो’चं पोस्टर आधीच तयार ठेवते. नंतर फक्त स्कोअर भरायचा.

आज सीझनची शेवटची मॅच. स्कोअर भरला, पोस्टर टीमच्या पेजवर टाकलं, चहा घेऊन आले. शेजारची स्नेहल म्हणाली, “अगं, जिंकलेत ना ते.”

स्कोअर बरोबर होता, वर ‘आज हरलो’. खाली टीमच्या चाहत्यांच्या कमेंट्स: ‘चालायचंच’, ‘पुढच्या वर्षी बघू’. चूक एकानेही दाखवली नव्हती.

मी पोस्टर बदललं. आनंद झाला नाही, लाजही वाटली नाही.

तुम्हाला कधी, आपण जिंकलोय हे दुसऱ्याने सांगावं लागलंय का?