पेन्सिलीतलं नाव

सात-बारा कॉम्प्युटरवर चढवायचं काम आमच्या तहसीलात सुरू झालं, तेव्हा मी कंत्राटावर टायपिंगला लागले. चंद्रपूरला राहून टायपिंग शिकले होते आणि आपल्याइतका वेग अख्ख्या जिल्ह्यात कोणाचा नाही, असा माझा समज होता. तलाठ्यांची जाडजाड रजिस्टरं उघडायची आणि गट नंबर, मालकाचं नाव, क्षेत्र सगळं मशीनमध्ये टाकायचं. शिकवायला आलेले साहेब सांगायचे, पुढे जमीन घ्यायला गावात पाय ठेवावा लागणार नाही. पुण्यात बसून बटण दाबलं की मालक कळेल, नकाशा दिसेल, दलालांची दुकानं बंद होतील. मला ते सगळं पटायचं. मी घरी जरा तोऱ्यातच वागायला लागले होते.

साहेबांचा एक नियम होता, शाईतलं तेवढं टाकायचं, पेन्सिलीतलं सोडायचं. फेरफार मंजूर होईपर्यंत तलाठी नवं नाव पेन्सिलीने लिहून ठेवत, आणि मंजुरी राहून गेली की ते वर्षानुवर्षं पेन्सिलीतच राही. आमच्या गावाचं रजिस्टर नेमकं माझ्या टेबलावर आलं. रस्त्याकडच्या तुकड्यापाशी शाईत मोठेबाबांचं, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाचं नाव होतं आणि त्याखाली पेन्सिलीत बाबांचं.

त्यामागची गोष्ट गावात सगळ्यांना माहीत होती. मोठेबाबांना तळ्याच्या पाण्यावरची धानाची बांधी, म्हणजे भातखाचर, हवी होती. बाबांनी आपली बांधी त्यांना दिली आणि बदल्यात रस्त्याकडचा मुरमाड तुकडा घेतला. सगळं तोंडी, तलाठ्याच्या कानावर घातलं तेवढंच. त्या मुरमावर बाबांनी घर बांधलं, त्यातच मी वाढले. मोठेबाबांचा मुलगाही अर्धा आमच्याच घरी वाढला. तो माझा दादा.

माझी बोटं थांबली. उठून साहेबांना विचारायला हवं होतं. निदान संध्याकाळी बाबांना सांगायला हवं होतं की आधी मंजुरी करून घ्या. पण घरच्यांसाठी नियम वाकवला असं कोणी म्हणायला नको, या ताठ्यापायी मी पुढचा गट उघडला. चावडीवर यादी वाचली जाणारच आहे, तेव्हा बाबा हरकत घेतील, अशी मी मनाची समजूत घातली.

यादी वाचायला मलाच पाठवलं. मोठेबाबांची तेरवी होऊन दोनच दिवस झाले होते. दादा ऊर्जानगरच्या वीज केंद्रात नोकरीला होता, तो अजून गावातच होता आणि भादरलेल्या डोक्यावर रुमाल बांधून मागे बसला होता. तो गट आला. मी मोठेबाबांचं नाव वाचलं आणि थांबले. बाबांकडे बघितलं. त्यांनी डोळे पुसले आणि हातानेच खूण केली, पुढे वाच. कोणीच हरकत घेतली नाही.

घरी येऊन मी भांडले. "तुम्ही बोलले काऊन नाई?"

"भाऊ जाऊन पंधरा दिवस झाले नाई, अन् त्याचं नाव चावडीत निघालं का मी उठून म्हणू, हे माह्यं आहे म्हणून? गाव काय म्हणंल?"

"अन् कागद?"

"कागदाचं काय घेऊन बसली! पोरगा आपलाच आहे ना."

दोन वर्षांत रस्ता रुंद झाला. जवळच्या कोळसा खाणीतल्या नोकरदारांनी रस्त्याकडेला प्लॉट घ्यायला सुरुवात केली आणि त्या मुरमाला सोन्याचा भाव आला. एका रविवारी राजुऱ्याचा एक दलाल मोटरसायकलवरून आला. मागे दादा बसला होता. दलालाच्या हातात छापील उतारा होता, माझ्याच हातचा. आल्या आल्या त्याने आमच्या अंगणात टेप धरला.

बाबा दारात उभे होते. दादा त्यांच्याकडे न बघता म्हणाला, "काका, बांधी वापस घ्या तुमी. कॉम्प्युटरवर तुमच्याच नावानं आहे. जे जसं आहे, तसं करून टाकू."

"अन् घर?" बाबांनी विचारलं.

"घराचं पाहू ना काहीतरी."

माझं डोकं तापलं. मी दलालासमोर जाऊन उभी राहिले. "रजिस्टरात इथं बाबांचं नाव पेन्सिलीत आहे. मीच ते सोडलं. कोणत्याही साहेबापुढे लिहून द्यायले तयार आहे. अन् ह्या दादाले सगळं माहीत आहे. चावडीत हा बी होता, तोंड शिवून बसला होता!"

दलालाने टेप गुंडाळला. "घरातली भानगड असंल तर आपल्याले नाई जमत, भाऊ," म्हणाला आणि गाडीला किक मारली.

दादा लालबुंद झाला. "परक्या माणसापुढे मले चोर ठरवलं तुनं," एवढंच बोलला आणि पायीच स्टँडकडे निघाला. मला वाटलं, घर वाचलं. मी जिंकल्यासारखी आत गेले. बाबा मात्र दादा गेला त्या रस्त्याकडे बघत कितीतरी वेळ उभे राहिले. मला त्यांचा फार राग आला. हे सगळं मी कोणासाठी केलं होतं?

सहा महिन्यांनी दादा तहसीलात आला. त्याने जबाब लिहून दिला, सही केली. रस्त्याकडचा तुकडा काकांचा, बांधी माझी, असं त्यात लिहिलं होतं. रीतसर फेरफार मंजूर झाला, तेव्हा तो परत आला. मी उतारा काढेपर्यंत तो माझ्या खिडकीशी उभा होता. कागद हातात घेऊन त्याने नीट वाचला, माझ्यापुढे सरकवला आणि गेला.

संध्याकाळी मी धावतच घरी आले. उतारा बाबांच्या हातात ठेवला, नावावर बोट ठेवून दाखवलं. सकाळी दादाच आला होता, तेही सांगितलं. त्यांनी कागदाकडे बघितलंच नाही.

"जेवला काय तो?" त्यांनी विचारलं.

मी त्याला घरी चल म्हटलंच नव्हतं.