मनगटाचा पट्टा

पांढरकवड्यात हायवेला लागून माझ्या मोठ्या भावाचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. तिथे तीन वर्षं मी ट्रकवाल्यांच्या फोनचे चार्जिंग कनेक्टर बदलत होते. कामाला बसताना मनगटाला पट्टा बांधायचा आणि त्याची वायर भिंतीवरच्या स्विचबोर्डाच्या अर्थिंगच्या भोकात खोचायची. अंगातली वीज तिथून जमिनीत उतरते, नाहीतर फोनचा आयसी, म्हणजे आतली चिप, उडतो, असं भावानंच शिकवलेलं. हिवाळ्यात माझ्या नायलॉनच्या ओढणीतून चटचट ठिणग्या निघायच्या, त्यामुळे मला ते पटलंही होतं. दारातून मैत्रिणीनं हाक मारली आणि मी जरा उठले, की भाऊ ओरडायचा, "पट्टा काढू नको, फोन मरन!" वायर दारापर्यंत पुरायची नाही. मी परत खाली बसायचे.

परवा पंखा दुरुस्त करायला आलेल्या वायरमननं तो बोर्ड उघडला. अर्थिंगच्या भोकामागे वायरच नव्हती. माझं डोकं फिरलं. पट्टा भावापुढे आपटून मी विचारलं, "मंग मले कायले बांधून ठेवलं होतं?"

त्यानं हातातल्या फोनवरून नजरही वर केली नाही.

"तिथं वायर नाही, हे मले पयल्यापासून ठाऊक होतं," तो म्हणाला. "पण तू जाग्यावर बसून तर राह्यली."